निळसर पानाचा जोडीदार

मी एक जुनी वही आहे. जुनी म्हणजे किती, तर माझी पाठ उजेडाच्या बाजूने पिवळी पडली आहे, खालचा एक कोपरा दुधात भिजून फुगला आहे, आणि मला मिटलं तरी मी पूर्ण मिटत नाही. मधे बोटभर फट राहतेच. दुधाचं काम माझ्या मालकिणीच्या धाकट्या भावाचं. तो तेव्हा दीड वर्षाचा होता, त्यामुळे त्याला कुणी बोललं नाही. फट राहते त्याचं कारण मात्र वेगळं आहे. मित्रांनो, मला तेच सांगायचं आहे.

मी दुकानातून आले नाही. माझ्या मालकिणीचे बाबा बाइंडर होते. लोकांची खिळखिळी झालेली पुस्तकं ते उसवायचे, पुन्हा शिवायचे आणि नवा पुठ्ठा चढवून द्यायचे. कापायच्या यंत्राशेजारी उरलेल्या कागदांचा एक ढीग कायम असे. कुणाच्या कामातले चार ताव, कुणाचे सहा. त्या उरल्यासुरल्यांची मी झाले. म्हणून माझी काही पानं पांढरी आहेत, काही मळकट, काहींवर भलत्याच कुणासाठी आखलेल्या रेघा आहेत. आणि एकच कागद निळसर, जाड, हात फिरवला की मऊ लागणारा. आठ आठ कागद मधोमध दुमडून बाबांनी घड्या केल्या. अशा एका घडीला ते जुज म्हणत. मेण लावलेल्या दोऱ्याने त्यांनी माझे सहा जुज दुमडीतून शिवले, कापडाची पाठ लावली, वर हिरवा पुठ्ठा चढवला आणि तीन दिवस वजनाखाली दाबून ठेवलं. ते तीन दिवस मला अजून आठवतात. माझ्यावर तेव्हा काहीच लिहिलेलं नव्हतं.

मुलीच्या तेराव्या वाढदिवशी त्यांनी मला तिच्या हातात दिलं.

"हिच्यातलं पान फाडायचं नाही बरं का," ते म्हणाले. "प्रत्येक पान म्हणजे अर्धा कागद. दुसरा अर्धा त्याच जुजात, पलीकडच्या टोकाला असतो. एक फाडलंस की त्याच्या जोडीदाराला धरून ठेवणारं कुणी राहत नाही."

"माहितेय हो, बाबा. बाइंडरची मुलगी आहे मी."

घरात तिला भिंगरी म्हणत. लहानपणी ती एका जागी ठरत नसे म्हणून. खरं तर आता हातात पुस्तक असलं की तिच्या अंगावर माशी बसली तरी तिला कळत नसे. पण नाव एकदा पडलं की पडलं.

वाचनालयात लहान मुलांची चित्रांची पुस्तकं आणि मोठ्यांची जाडजूड पुस्तकं यांच्या मधे दोन मांडण्या होत्या. वर पाटी होती, 'किशोरांसाठी'. भिंगरीचं सगळं जग त्या दोन मांडण्यांत मावलं होतं. घर सोडून जहाजावर चढणाऱ्या मुली, हरवलेल्या भावाला शोधायला निघालेले भाऊ, मैत्रिणीवर रुसून वर्षभर न बोलणाऱ्या, मग एकाच पत्रात सगळं बोलून टाकणाऱ्या मुली. ती पुस्तक उघडायची तेव्हा आधी वास घ्यायची, मग शेवटच्या पानाचा आकडा बघायची, आणि मग माझ्याकडे वळायची.

कारण मी होते तिच्या वाचनाच्या बेतांची वही. वर्षात पन्नास पुस्तकं, हा मोठा बेत. त्याखाली महिन्याचे बेत, त्याखाली आठवड्याचे. तीनशे बारा पानं, सहा दिवस, म्हणजे रोज बावन्न. प्रत्येक पुस्तकाला एक ओळ: नाव, पानं, किती तारे, आणि एका वाक्यात मत. वाचत असली की ओळीला पिवळी पेन्सिल, संपलं की हिरवी. हिरवं करताना ती जीभ दातात धरायची. त्या वेळी तिच्या हाताला एक ऊब असायची, ती मला कळायची.

"मी पुस्तकं शिवतो आणि ही त्यांचे रोज बावन्न तुकडे करते," बाबा म्हणायचे.

"त्या तक्त्यात जेवणाला पाच मिनिटं ठेवली आहेस का गं?" आई आतून विचारायची. "नाहीतर पुढच्या महिन्यात जेव."

वाचनालयाच्या बाई फारसं हसत नसत, पण त्यांनी एक छान पद्धत लावली होती. किशोरांच्या प्रत्येक पुस्तकाला शेवटी एक कागदी खिसा होता. पुस्तक वाचून झालं की वाचणाऱ्याने त्यात दोन ओळींची चिठ्ठी ठेवायची. पुढच्याला ती चिठ्ठी बघून पुस्तक निवडता येई. पहिल्या दिवशी भिंगरीने विचारलं होतं, "वाचलंय की नाही, हे तुम्ही तपासता कसं?"

"तपासत नाही," बाई म्हणाल्या. "तू लिहिलंस म्हणजे वाचलंस."

भिंगरीला ते फार आवडलं. मलाही.

उन्हाळा उलटला आणि बेत मागे पडायला लागला. आधी तिला आठ दिवस ताप आला, मग परीक्षा, मग धाकट्याचे दात. चार पुस्तकं मागे, मग सहा. ती रोज मला उघडून नुसती मोजत बसायची. वाचायचा वेळ मोजण्यात जायचा. एका दुपारी तिने अर्धं वाचलेलं एक पुस्तक बाजूला ठेवलं, मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर वाचला आणि त्या ओळीला हिरवा रंग दिला. चार तारे. 'उत्कंठावर्धक.'

मी काय करणार? खरं लिहिलं काय आणि खोटं लिहिलं काय, माझ्यावर पेन्सिल सारखीच उमटते. मला फक्त एवढं कळलं की या वेळी तिने जीभ दातात धरली नव्हती.

एकदा जमलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. महिनाभरात आणखी सहा ओळी तशाच हिरव्या झाल्या. त्यांच्या चिठ्ठ्याही खिशांत गेल्या. त्यातली एक ओळ माझ्या निळसर पानावर होती. 'सातव्या पुलापलीकडे'. पानं दोनशे अठ्ठेचाळीस. पाच तारे. मत: 'आई आणि मुलीची गोष्ट. शेवट छान.' त्या पुस्तकात तिची खूण एकेचाळिसाव्या पानावर होती. एकेचाळीस पानांपर्यंत ते खरोखरच गोड पुस्तक होतं: नदीकाठी राहणारी मुलगी, आजारी आई, आणि औषध आणायला सात पूल ओलांडून जायचा निश्चय. पुठ्ठ्यावर मुलगी कंदील घेऊन हसत उभी होती. शेवट वाईट असेल असं कुणाला वाटलं नसतं.

आता तिच्या मैत्रिणीबद्दल सांगते. ती बोलायची कमी, म्हणून वर्गात तिला मौनी म्हणत. भिंगरी दहा वाक्यं बोलली की मौनी एक बोलायची, पण ते एकच भिंगरी घरी येऊन सगळ्यांना सांगायची. दोघींनी मिळून सुट्टीत वाचायच्या पुस्तकांची यादी केली होती. पान मौनीने निवडलं. माझी पानं चाळत ती पुढे गेली आणि म्हणाली, "हे निळं घेऊ." एक नाव भिंगरीच्या तिरप्या अक्षरात, त्याखाली एक मौनीच्या गोल अक्षरात, अशी चौदा नावं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मौनीची आई दवाखान्यात दाखल झाली. पोटाचं मोठं ऑपरेशन व्हायचं होतं, पण आधी अंगात रक्त भरायला हवं होतं, म्हणून दोन आठवडे झोपून राहायचं. मौनी शाळेतून थेट आमच्याकडे आली. दप्तरही उतरवलं नाही.

"आईला वाचून दाखवायला काहीतरी सांग," ती म्हणाली. "शेवट बरा असलेलं. सध्या तिला तसलंच हवंय. आणि लांब असू दे, दहाबारा दिवस पुरेल असं."

भिंगरीने मला उघडलं. तिचं बोट ओळींवरून खाली सरकत निळसर पानाशी आलं आणि थांबलं. तिथे ती क्षणभर अडखळली. मी तिच्या बोटाखाली होते, म्हणून मला माहीत आहे.

"हे घे. आई-मुलीचंच आहे."

"तू वाचलंयस ना? पूर्ण?"

मित्रांनो, तेव्हा एक शब्द पुरला असता. भिंगरीने मला उलटं करून मौनीपुढे धरलं.

"म्हणजे काय. हिरवं आहे बघ की."

मौनीने बघितलं. माझ्यावर तिचा विश्वास होता. तिने वाचनालयातून पुस्तक नेलं, आणि खिशात भिंगरीची चिठ्ठी बघून तिला आणखीच बरं वाटलं असणार.

अकराव्या दिवशी ती परत आली. दारातच उभी राहिली. भिंगरीची आई म्हणाली, "आत ये गं, आई कशी आहे?" तर म्हणाली, "उद्या ऑपरेशन आहे, काकू," आणि भिंगरीकडे वळली.

"त्या मुलीची आई मरते," ती म्हणाली. "मुलगी सातव्या पुलावर असते आणि इकडे आई मरते. मी मोठ्याने वाचत होते. वाक्य अर्धं वाचून झाल्यावर मला कळलं."



"आई म्हणाली, थांबलीस का, पुढे वाच. मी म्हटलं, घसा दुखतोय." मौनीचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुला माहीत असून तू दिलंस, की न वाचताच सांगितलंस? एवढंच सांग."

"मी विसरले होते," भिंगरी म्हणाली.

मौनीने विचारलं, "आई मेलेली विसरलीस?"

मग ती गेली. चपला तिने नीट घातल्यासुद्धा नाहीत.

त्या संध्याकाळी भिंगरीने माझं ते निळसर पान फाडलं. बाबांनी सांगितलेलं तिला पाठ होतं, तरी फाडलं. हळूच, पट्टी धरून, दुमडीपाशी. वरून बघणाऱ्याला कळलंही नसतं. मग तिने मला खिडकीशेजारच्या कपाटामागे सारलं. तिथे धूळ होती आणि धाकट्याने टाकलेला एक लाकडी घोडा होता. आम्ही दोघं दोन आठवडे तिथेच होतो. बाहेरून बाबांचा आवाज यायचा, "काय गं, हल्ली बावन्न पानं नाहीत?" आणि भिंगरीचा, "कंटाळा आला." मौनीची आई ऑपरेशनमधून बाहेर आली, पण ताप उतरत नाही, असं आई कुणाला तरी सांगताना मी ऐकलं. सगळ्या आयुष्यात मला स्वतःची लाज वाटली ती त्याच दिवसांत. मौनीला दाखवायला मलाच पुढे धरलं होतं ना.

मला बाहेर काढलं ते धाकट्याने. घोडा शोधायला हात घातला आणि मला ओढलं. शेजारी त्याच्या दुधाचा पेला होता, तो कलंडला. बाबांनी मला उचलून झटकलं, तेव्हा माझ्यातून एक पान सुटून जमिनीवर पडलं. निळसर. त्यावर चौदा नावं होती, एक तिरपं, एक गोल.

बाबांनी ते पान उचललं नाही. आधी त्यांनी माझा तो जुज उघडला, दुमडीवरून अंगठा फिरवला, आणि मागे जाऊन बरोबर फाटलेल्या जागी थांबले. इतकी वर्षं त्यांनी तेच काम केलं होतं.

"भिंगरे," त्यांनी हाक मारली. "इकडचं पान कुठाय?"

ती दारात आली. खाली पडलेलं पान तिने पाहिलं. सुट्टीची यादी असलेला कागद आणि तिने फाडलेला कागद एकच होता, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. रंग एक, जाडी एक, बाइंडरची मुलगी, आणि तरीही.

"दप्तरात आहे," ती म्हणाली. "टाकून देववलं नाही." आणि मग तिने सगळं सांगितलं. एकेचाळिसावं पान, हिरवी पेन्सिल, विसरले होते म्हणाले तेसुद्धा. आई दुधाचं फडकं हातात घेऊन ऐकत उभी राहिली.

"मला रागाव ना," शेवटी भिंगरी आईला म्हणाली.

"रागावले की तुला बरं वाटेल," आई म्हणाली. "म्हणून नाही रागावत. ते पान आण आधी."

बाबांनी फाटलेलं पान आणि सुटलेलं पान शेजारी शेजारी ठेवलं, मधे पातळ कागदाची पट्टी चिकटवली आणि वाळल्यावर दुमडलं. पण सुई त्यांनी भिंगरीच्या हातात दिली. मला अर्धं उसवून पुन्हा शिवायला तिला अख्खी दुपार लागली. तिचे टाके बाबांसारखे नाहीत, थोडे ढिले आहेत. पट्टीमुळे तिथे जाडीही वाढली. तेव्हापासून मी पूर्ण मिटत नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन वाचनालयात गेली आणि बाईंना म्हणाली, "माझ्या चिठ्ठ्या काढायच्या आहेत. सगळ्या नाही. सात."

बाईंनी चष्मा काढला. "एकूण किती आहेत तुझ्या?"

"एकतीस."

"मग तू सात काढल्यास, तर उरलेल्या चोवीस खऱ्या हे मी कशावरून धरू?"

 तिने एकेक पुस्तक शोधून सहा चिठ्ठ्या काढल्या. सातवं पुस्तक मांडणीवर नव्हतं.

"त्याची दुसरी प्रत आहे का हो? मला ते पूर्ण वाचायचंय."

"नाही," बाई म्हणाल्या. "एकच आहे. कुणाकडे आहे ते तुला माहीत आहे."

आई तिला दवाखान्यात घेऊन गेली. धाकटा कडेवर होता, आणि लहान मुलांना आत सोडत नव्हते. "मी इथे बाकावर बसते," आई म्हणाली. "बोलायचं तुझं तू."

मी पिशवीत होते. मौनीची पावलं मी ओळखली.

"मी एकेचाळीस पानं वाचली होती," भिंगरी म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही. "विसरले नव्हते. वाचलंच नव्हतं."

मौनी हळू आवाजात बोलली. 

"आई रोज विचारते, पुढे काय झालं," ती म्हणाली. "मी सांगितलं, पुस्तक परत द्यावं लागलं. ते माझ्या पिशवीत आहे. तुझ्यामुळे मीही खोटं बोलले."

पडद्याआडून बारीक आवाज आला. "कोण आहे गं? ती वाचणारी का?"

दोघी आत गेल्या. भिंगरीने मला पिशवीतून काढून खाटेच्या कडेला ठेवलं. मौनीच्या आईचा हात चादरीवर होता, त्याला नळी लावलेली. त्यांनी भिंगरीला जवळ बोलावलं.

"त्या मुलीची आई जाते ना?" त्या म्हणाल्या. मौनीने मान वर केली. "अगं, तुझा आवाज मला कळत नाही का? घसा दुखणारा आवाज वेगळा असतो." मग दम घेऊन त्यांनी विचारलं, "त्यानंतर किती पानं आहेत?"

मौनीने पिशवीतून पुस्तक काढलं. "तेवीस."

"बघ. म्हणजे आई गेल्यावरही ती मुलगी तेवीस पानं काहीतरी करते. ते मला ऐकायचंय. मी एवढी आजारी आहे, आणि तुम्ही मला नेमकं तेवढंच ऐकू देत नाही आहात."

"मला नाही वाचता येणार, आई," मौनी म्हणाली.

भिंगरीने हात पुढे केला. मौनीने पुस्तक लगेच दिलं नाही. मग दिलं.

भिंगरीने ती तेवीस पानं वाचली, मोठ्याने, पुढे काय आहे हे माहीत नसताना. दोनदा थांबली. मौनी खिडकीकडे तोंड करून उभी होती, पण पान उलटायला उशीर झाला की तिची मान वळायची. त्या मुलीने पुढे काय केलं ते मी सांगणार नाही. ते तुम्ही वाचा. एवढं सांगते, पुस्तक मिटल्यावर मौनीच्या आईने डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट केलं. भिंगरीने ती ओळ उघडून त्यांच्यापुढे धरली. पुन्हा चिकटवलेल्या निळसर पानावर 'शेवट छान' खोडलेलं आहे. त्यापुढे त्यांनी थरथरत्या अक्षरात लिहिलं आहे: 'शेवट अवघड. पण ऐकण्यासारखा.' भिंगरीने मधली पानंही वाचून संपवल्यावर त्या नव्या शब्दांना हिरवा रंग मौनीने दिला.

मौनीच्या आई घरी आल्या. पूर्वीसारख्या नाहीत, जिना चढताना मधे बसतात. पन्नास पुस्तकांचा बेत त्या वर्षी तेहतिसावर थांबला. त्यानंतर भिंगरीने बेत केले नाहीत असं नाही. खोड आहे ती, जात नाही. पण माझ्यात आता अर्धवट ओळीही आहेत. 'साठ पानं वाचली, जमलं नाही.' 'शेवटचं प्रकरण राहिलं.' त्या पिवळ्याच आहेत. मला त्या फार आवडतात.

आणि एक सांगते, कारण ते लपवणं बरं नाही. भिंगरीने एखादं पुस्तक सुचवलं की मौनी अजून विचारते, "किती पानं वाचलीस?" इतक्या वर्षांनीही विचारते. भिंगरीला त्याचा राग येत नाही. ती आकडा सांगते, आणि मौनी तो आकडा ऐकून घेते.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी वही असेल, तर तिला दूध लागलं, कोपरे दुमडले, तिच्यावर चार महिने काही लिहिलं नाहीत, तरी चालेल. आम्ही ते सोसतो. फक्त जे वाचलं नाही ते आमच्यावर हिरवं करू नका. ते पान कधीतरी कुणीतरी विश्वासाने बघतं. आणि रागाच्या भरात फाडलंतच, तर टाकू नका, दप्तरात ठेवा. पलीकडे त्याचा जोडीदार असतो. शिवता येतं. नंतर हात फिरवला की तिथे पट्टी लागते, एवढंच.